उपद्रवी कोण ?

उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत, आणि अलीकडे तेथील मोठमोठ्या शहरांतही, रॅकून नावाचा एक निशाचर प्राणी राहतो. बोक्याहून थोराड, अंगाने केसाळ व करड्या रंगाचा, शेपटीवर काळी वलये आणि डोळ्यांभोवती काळा पट्टा असे त्याचे ध्यान असते. ह्या पट्ट्यामुळे एखाद्या चोराने तोंडावर बुरखा बांधावा तसा तो दिसतो, आणि त्याची अर्धी अपकीर्ती ह्या दिसण्यानेच झाली आहे. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य तोंडात नसून हातांत आहे. त्याच्या पुढच्या पायांची बोटे लांब, सुटी व विलक्षण संवेदनाक्षम असतात. मेंदूचा जो भाग स्पर्शज्ञानाचा, त्यातील फार मोठा वाटा रॅकूनच्या ठायी एकट्या ह्या हातांच्या सेवेस लागलेला आहे, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. ओढ्याच्या पाण्यात हात घालून, दृष्टी भलतीकडेच ठेवून, तो दगडांखालचे भक्ष्य चाचपून काढतो. व्हर्जिनियातील मूळ रहिवासी त्यास ज्या नावाने ओळखीत, त्याचा अर्थ हातांनी घासणारा किंवा खरवडणारा असा सांगतात, आणि इंग्रजांनी त्याच नावाचे रॅकून केले. लिनियस ह्या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्यास लॅटिन भाषेत ‘धुणारा’ असे विशेषण दिले, आणि जर्मन व जपानी ह्या दोन्ही भाषांत त्याच्या नावाचा अर्थ ‘धुणारे अस्वल’ असाच आहे. वास्तविक तो अन्न धूत नाही; पाण्यात हात मऊ होऊन स्पर्श अधिक तीव्र होतो, म्हणून तो ते चाचपून पाहत असतो.

हा प्राणी आपल्या सह्याद्रीत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो चित्रातच पाहिला असेल. तरी त्याचा विषय येथे काढण्यास कारण आहे. मनुष्य एखाद्या प्राण्यास ‘उपद्रवी’ ठरवून त्यास मारू लागतो, तेव्हा तो न्याय कोणत्या रीतीने करतो, हे रॅकूनच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

रॅकूनची पारध फार जुनी आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी त्याचे मांस खाल्ले व कातडे पांघरले. पुढे दक्षिणेकडील गुलामांना व गरीब शेतकऱ्यांना धन्याच्या कोठारातून जे मिळे त्यात पोट भरत नसे, तेव्हा रात्री मारलेला रॅकून हा त्यांच्या ताटातील मोठा आधार होता. ह्या पारधीसाठी खास कुत्र्यांच्या जाती तयार करण्यात आल्या. कुत्रे अंधारात वास काढीत धावतात, रॅकून झाडावर चढतो, आणि कुत्रे बुंध्याशी उभे राहून धनी येईपर्यंत भुंकत राहतात. भुकेल्या माणसाने पोटासाठी केलेल्या ह्या पारधीस नावे ठेवण्याचा अधिकार पोटभर जेवून लेख लिहिणाऱ्यास नाही, आणि मी तो घेऊ इच्छीत नाही.

परंतु भुकेची मर्यादा असते, तशी मर्यादा फॅशनला नसते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॉलेजांच्या तरुणांमध्ये रॅकूनच्या कातड्यांचे पायघोळ कोट वापरण्याची लाट आली. ती ओसरल्यावर १९५४-५५ साली डेव्ही क्रॉकेट ह्या सरहद्दीवरील वीरावर दूरचित्रवाणीची मालिका निघाली, आणि त्याच्यासारखी शेपटीवाली टोपी घालावयास मिळावी म्हणून देशभरची मुले हटून बसली. त्याबरोबर कातड्यांचे भाव चढले. पुन्हा १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फरला असा भाव आला की एकेका हंगामात लाखोंनी रॅकून मारले गेले. पुढे १९८० नंतरच्या दशकाच्या शेवटी बाजार कोसळला, आणि अलीकडच्या वर्षांत एका कातड्यास थोडेसेच डॉलर मिळतात. ह्या सर्व काळात रॅकून होता तसाच होता. त्याने कोंबड्या पूर्वीहून अधिक खाल्ल्या नाहीत की कमी खाल्ल्या नाहीत. त्याच्या मृत्यूची संख्या वाढली ती दुकानातील चिठ्ठीवरचा आकडा वाढला म्हणून. त्याचे अपराध मोजण्याचे काम कोणी केलेच नव्हते.

आता मारण्याच्या साधनाकडे पाहू. न्यूयॉर्क राज्यातील सुअल न्यूहाउस नावाच्या एका तरुणाने १८२३ च्या सुमारास पोलादी जबड्याचा सापळा तयार केला. पुढे तेथील ओनायडा वसाहतीने त्याचा कारखाना काढला, आणि हे सापळे अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांत गेले. प्राण्याचा पाय मधल्या पट्टीवर पडला की चाप सुटून दोन्ही जबडे मिटतात. हा सापळा मारीत नाही, धरून ठेवतो. सापळेवाला येईपर्यंत प्राण्याने तेथे राहावयाचे असते. अमेरिकेतील कित्येक राज्यांत सापळा दररोज तपासला पाहिजे असा कायदा आहे. काही ठिकाणी त्याहून अधिक अवधी चालतो. रॅकूनसाठी दुसरा एक नळीसारखा सापळा निघाला आहे. त्याच्या तळाशी आमिष असते. रॅकून नळीत हात घालतो, आतली कळ मुठीत धरून ओढतो, आणि मनगट अडकते. कुत्र्यामांजरांस असा हात नसल्यामुळे ती त्यात सापडत नाहीत, हा त्याचा गुण म्हणून सांगतात. आणि तो गुण खरोखरच आहे. तरीही ज्या हातांवरून ह्या प्राण्यास तीन भाषांत नावे मिळाली, त्याच हातांच्या कुतूहलावर हे यंत्र बेतलेले आहे, हे वाचून मन थोडा वेळ स्तब्ध होते.

ह्या बाबतीत जगाची सदसद्विवेकबुद्धी अगदीच झोपली आहे असे मात्र नाही. दाती जबड्याचा सापळा इंग्लंडात १९५८ पासून बंद झाला. युरोपीय संघाने १९९१ साली नियम करून आपल्या देशांत पाय धरणाऱ्या सापळ्यांस बंदी केली, आणि असे सापळे चालू ठेवणाऱ्या देशांकडून तेरा जातींच्या प्राण्यांची फर घेण्यावर निर्बंध घातला. त्या तेरांत रॅकून आहे. त्यानंतर युरोपीय संघ, कॅनडा व रशिया यांच्यात सापळ्यांच्या कसोट्यांविषयी करार झाला. त्यानुसार प्राण घेणाऱ्या सापळ्याने रॅकूनास पाच मिनिटांच्या आत बेशुद्ध केले पाहिजे. हा करार सुधारणेचा आहे, ह्यात संशय नाही. परंतु वाचकांनी एकदा घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसून पाहावे, म्हणजे सुधारणेस अद्याप किती वाव आहे ते समजेल.

येथे शेतकरी म्हणेल, “गुरुजी, तुमची करुणा ठीक आहे; पण नुकसान माझे होते.” त्याचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. कणसे दुधात आली की रॅकूनचे कुटुंब एका रात्रीत मक्याची रांगच्या रांग मोडून टाकते, आणि खाते त्याहून अधिक नासते. खुराड्याची कडी काढून तो कोंबड्या मारतो. घराच्या छपराची फळी उचकटून माळ्यावर पिले घालतो. त्याच्या विष्ठेतील एका जंताची अंडी मनुष्याच्या पोटात गेल्यास मेंदूपर्यंत विकार पोचू शकतो. सर्वांत भयंकर म्हणजे पिसाळण्याचा रोग. अमेरिकेच्या पूर्व भागात रॅकून हा त्याचा मोठा वाहक आहे. आपल्याकडेही रानडुकरांनी एका रात्रीत भुईसपाट केलेले शेत ज्याने पाहिले आहे, तो ह्या तक्रारीस हसणार नाही. जो मनुष्य आपल्या पिकासाठी व मुलांसाठी हत्यार उचलतो, त्यास क्रूर म्हणणे अन्यायाचे आहे.

परंतु फिर्याद ऐकल्यावर न्यायाधीशाने दुसराही एक प्रश्न विचारावयाचा असतो: हा आरोपी येथे आला कसा ? ह्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना मनुष्यास मान खाली घालावी लागते.

जर्मनीत रॅकून मुळीच नव्हता. १२ एप्रिल १९३४ रोजी हेस प्रांतातील एडर सरोवराकाठी एका वनाधिकाऱ्याने दोन जोड्या मुद्दाम सोडल्या. प्रथम त्यांस पारधीपासून संरक्षणही होते. पुढे १९४५ साली बर्लिनच्या पूर्वेस फरसाठी रॅकून पाळणाऱ्या एका ठाण्यावर बॉम्ब पडला, आणि सुमारे दोन डझन प्राणी निसटले. आज ती प्रजा इतकी वाढली आहे की २०१९-२० च्या एकाच हंगामात जर्मन शिकाऱ्यांनी दोन लाखांहून अधिक रॅकून मारले. युरोपीय संघाने २०१६ साली रॅकूनचे नाव उपद्रवी परकीय जातींच्या यादीत घातले. परकीय तो खराच. पण त्यास परदेशी आणले कोणी?

जपानची गोष्ट तर विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्टर्लिंग नॉर्थ ह्या अमेरिकन लेखकाने १९६३ साली ‘रास्कल’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात विस्कॉन्सिनमधील एक मुलगा १९१८ साली रॅकूनचे पिलू पाळतो. तो मुलगा पैशासाठी सापळे लावणारा असतो. पण फरच्या व्यापाऱ्याच्या सूचीपत्रात सापळ्यात हात अडकलेल्या रॅकूनचे चित्र त्याच्या दृष्टीस पडते, आणि तो तो धंदा सोडून देतो. ह्या पुस्तकावरून जपानात १९७७ साली दूरचित्रवाणीवर चित्रमालिका निघाली. ती पाहून घराघरांतील मुलांनी रॅकूनचा हट्ट धरला, आणि आईबापांनी तो पुरविला. पाळण्यासाठी म्हणून अमेरिकेतून दर वर्षी शेकडो पिले येऊ लागली. पिलू गोजिरवाणे असते, पण वर्षभराने त्याचा प्रौढ प्राणी होतो. तो चावतो, कपाटे उघडतो, कोंडून ठेवल्यास उच्छाद मांडतो. तेव्हा कित्येकांनी मालिकेतील मुलाप्रमाणेच त्यास रानात नेऊन सोडले, आणि आपण मोठे दयेचे कृत्य केले असे मानले. त्यापूर्वीही क्वचित काही रॅकून सुटले होते. आता मात्र ते देशभर पसरले. त्यांनी शेतांची नासाडी केली, जुन्या लाकडी देवळांच्या खांबांवर नखे रुतविली. २००५ साली जपानने कायदा करून रॅकूनची आयात व पाळणूक बंद केली, आणि आज तेथे दर वर्षी ते हजारोंनी पकडून मारले जातात. ज्या गोष्टीने एका मुलास सापळे सोडावयास शिकविले, त्याच गोष्टीच्या वेडाने दुसऱ्या देशात सापळे लावावे लागले. लेखकाचा ह्यात दोष नाही. प्रेम आणि हौस ह्यांतील भेद न ओळखल्याचा हा परिणाम आहे.

पिसाळण्याच्या रोगाचेही तसेच. तो फ्लॉरिडाकडील रॅकूनांत पूर्वीपासून होता. १९७७ साली तो एकाएकी शेकडो मैल उत्तरेस, पश्चिम व्हर्जिनियात दिसून आला. शिकाऱ्यांनी आपल्या रानात पारध भरपूर व्हावी म्हणून दक्षिणेकडून गाड्या भरभरून रॅकून आणून सोडले, त्यांच्याबरोबर हा रोग आला, असे अभ्यासकांचे मत आहे. तेथून तो अटलांटिक किनाऱ्याने पसरत १९९९ साली कॅनडात पोचला. म्हणजे पारधीच्या हौसेने आणलेला रोग पुढे पारधीचे समर्थन म्हणून सांगण्यात येऊ लागला.

बरे, मारल्याने तरी उपद्रव संपतो काय ? जर्मनीचा अनुभव पाहा. लाखोंनी मारूनही तेथे रॅकूनचा प्रदेश वाढतच गेला. ह्याचे कारण गूढ नाही. जेथे अन्न आहे व बिळास जागा आहे, तेथील एक रॅकून मारला की ती जागा शेजारचा घेतो. संख्या विरळ झाली की उरलेल्यांस अन्न अधिक मिळते व तरुण माद्याही लवकर विऊ लागतात. घरमालक पैसे देऊन माळ्यावरची मादी पकडवितो, आणि वसंत ऋतू असल्यास तिची तीनचार पिले भिंतीच्या पोकळीत उपाशी मरतात. फळी मात्र उचकटलेलीच राहते, आणि पुढल्या वर्षी दुसरी मादी येते.

ह्याच्या उलट उदाहरणे घ्या. कॅनडातील टोरँटो शहराने २०१६ पासून खरकट्याचे नवे डबे घरोघर वाटले. त्यांची कडी फिरविल्याशिवाय झाकण निघत नाही. काही चतुर रॅकूनांनी तेही उघडून दाखविले, परंतु बहुतेकांस ते साधले नाही. त्याच प्रांताने पिसाळण्याच्या रोगाशी झुंज दिली ती मोठ्या विचाराने. रोग आढळला त्या स्थळाभोवतीच्या ठराविक टापूतील रॅकून पकडून मारले, पण त्या बाहेरच्या टापूत रॅकून पकडून त्यांस लस टोचली व पुन्हा सोडून दिले. शिवाय विमानांतून लसीचे आमिष रानोमाळ टाकले. २००५ नंतर दहा वर्षे तेथे रॅकूनांत हा रोग दिसला नाही. २०१५ च्या अखेरीस तो पुन्हा आला, तेव्हा पुन्हा लस हेच मुख्य शस्त्र झाले. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर रॅकून समुद्रकासवांची अंडी उकरून खातो. तेथे कित्येक ठिकाणी घरट्यांवर तारेची जाळी पुरून ठेवतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावीही कासवांची अंडी कोल्ही, कुत्री व माणसे ह्यांच्या तावडीतून सोडविण्यासाठी २००२ पासून अंडी उचलून कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवण्याचा उपाय चालू झाला. कोल्ह्यांची कत्तल करण्याची गरज पडली नाही. कुंपणाने काम भागले.

येथे कोणी विचारील, तर मग रॅकूनास कधीच मारू नये काय ? माझे म्हणणे तसे नाही, आणि तसे म्हणणे सोपे असले तरी प्रामाणिकपणाचे होणार नाही. परक्या भूमीत जेथे त्याच्यामुळे तेथील पक्षी व बेडूक नष्ट होऊ पाहत असतील, जेथे रोगाची साथ उठली असेल, जेथे सर्व उपाय करूनही शेतकऱ्याचे पोट मारले जात असेल, तेथे त्यास मारावे लागेल. परंतु तीन गोष्टी आधी मान्य व्हाव्या. पहिली ही की, शस्त्रापूर्वी झाकण. डबा, खुराडे, छप्पर व शेताचे कुंपण ही ज्याने आधी नीट केली नाहीत, त्यास सापळा लावण्याचा अधिकार नाही. दुसरी ही की, मारणे भाग पडले तर ते जाणत्या माणसाने, शक्य तितक्या झटपट आणि पिलांचा काळ टाळून करावे. रात्रभर पोलादात अडकवून ठेवणे ही पारध नव्हे आणि शिक्षाही नव्हे, तो केवळ निष्काळजीपणा आहे. तिसरी गोष्ट फरविषयी. जे जनावर खरोखर निरुपायाने मारले, त्याचे कातडे खड्ड्यात टाकल्याने कोणतीही दया साधत नाही. ते कोणी वापरल्यास माझा आक्षेप नाही. परंतु किती मारावयाचे हे ज्या दिवशी कातड्याचा भाव ठरवू लागतो, त्या दिवशी उपाय संपून व्यापार सुरू होतो. ज्यास कातडी विकावयाची आहेत, त्यास पुढल्या वर्षीही रॅकून हवाच असतो. उपद्रव संपावा अशी इच्छा तो मनापासून करणार नाही.

१९२६ साली मिसिसिपी राज्यातून अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांच्याकडे सणाच्या मेजवानीसाठी एक जिवंत रॅकून पाठविण्यात आला. मेजावर वाढण्यासाठी आलेला तो प्राणी कूलिज कुटुंबाने पाळला, त्याचे नाव रिबेका ठेवले, आणि तो अध्यक्षांच्या निवासस्थानी दिमाखाने वावरू लागला. त्याच वर्षी त्याचे हजारो भाऊबंद कोट होऊन दुकानांत टांगले होते, आणि आणखी हजारो शेतकऱ्यांच्या शिव्या खात होते. एकच प्राणी कोणाच्या घरी पक्वान्न, कोणाच्या घरी लाडके, कोणाच्या अंगावर वस्त्र आणि कोणाच्या शेतात चोर ठरला. ही चारही नावे आपण दिलेली आहेत. प्राणी बिचारा सर्व ठिकाणी तेच करीत होता, जे त्याच्या हातांस येते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी आज रॅकूनची गमतीची चलचित्रे पाहिली असतील, आणि परदेशी प्राणी घरात पाळण्याची हौस आपल्या शहरांतूनही वाढत आहे. असा हट्ट मनात आलाच, तर जपानातील त्या मुलांची आठवण ठेवा; ती तुमच्यासारखीच प्रेमळ होती. आणि पालकांस माझी एवढीच विनंती आहे की, मुलाचा असा हट्ट पुरविण्यापूर्वी त्या जनावराचे पिलूपण संपल्यानंतरची दहा वर्षे आपण कशी काढणार, हे त्यांनी मुलास समोर बसवून त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. त्यास उत्तर देता आले नाही, तर तो प्राणी जेथे जन्मला तेथेच त्यास राहू द्यावे.